पानावर बोट

माझ्या उजव्या कानात कोणीतरी वेफर्स चावत होतं आणि माझ्यासमोर कलावती जगदाळे नावाच्या बाई एका यंत्रापुढे हात जोडून उभ्या होत्या.

वेफर्सचा आवाज कानातल्या इयरफोनमधून येत होता. पलीकडच्या खोलीत माइकच्या अगदी जवळ बसून कोणीतरी खात होतं. दाताखाली वेफर मोडल्यावर जिभेनं त्याचा चुरा गोळा केल्याचा ओला आवाजही मला स्वच्छ ऐकू येत होता. इकडे यंत्राचा अलार्म थांबून थांबून वाजत होता. स्क्रीन लाल झाली होती आणि तिच्यावरचं पानाचं चित्र थरथरत होतं. जगदाळेबाई त्या पानाकडे बघत पुटपुटल्या, "आता बास कर रे बाबा. थांब आता."

"आता आरती होणार," कानात इंद्रनील म्हणाला. चार-पाच जण एकदम हसले.

मी चेहरा निर्विकार ठेवला. माझ्या कामाचा तो भागच होता.

पुण्यात बाणेरला आमचं ऑफिस होतं. घरी वापरायचं ऑक्सिजनचं यंत्र आमची कंपनी बनवत असे. फुप्फुसं कमजोर झालेल्या माणसाच्या पलंगाशेजारी ते ठेवायचं, त्याची नळी नाकाला लावायची, मग ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देत राहतं. बाजारातल्या इतर यंत्रांना ढोबळ खटके आणि फिरवायच्या चकत्या असायच्या. आमच्या यंत्राला नुसती एक काळीभोर काचेची स्क्रीन होती आणि तिच्यावर एक हिरवं पान. ते पान श्वास घेतल्यासारखं हळूहळू फुगायचं आणि मिटायचं. पानावरून बोट वर सरकवलं की हवा वाढायची, खाली सरकवलं की कमी व्हायची. अक्षर एकही नव्हतं. इंद्रनील केसकर हा कंपनीचा मालक, आणि अक्षरांचा त्याला मनापासून राग होता. वाचावं लागलं म्हणजे डिझाइन फसलं, असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. आपली गिऱ्हाइकं म्हणजे म्हाताऱ्या बायका, त्या काय वाचणार, त्यांना बघताक्षणी उमगलं पाहिजे. त्या पानाला परदेशात एक बक्षीस मिळालं होतं आणि त्याची फ्रेम ऑफिसच्या दारातच लावलेली होती.

यंत्राची पहिली आवृत्ती दोन-तीन वर्षं बाजारात होती. आता दुसरी निघायची होती, आणि ती लोकांना कितपत सहज वापरता येते हे बघायचं काम माझ्याकडे होतं. घरी ज्यांनी असं यंत्र हाताळलं आहे अशांना आम्ही फोन करून बोलवायचो. मी त्यांना यंत्रासमोर बसवायचे, एकेक काम सांगायचे आणि ते कुठं अडतात ते बघायचे. मदत करायची नाही, हा नियम. आपण सांगितलं तर त्यांचं त्यांना कळलं की आपण सांगितल्यामुळे कळलं, हे समजत नाही. नियम बरोबरच आहे, आजही मी तो पाळते. पण म्हणूनच सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगायचे, "काका, काकू, परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे. तुम्हाला जमलं नाही तर चूक आमची."

आमच्या खोलीच्या एका भिंतीला मोठा आरसा होता. खरं तर ती काच होती. पलीकडच्या खोलीत अंधार ठेवला की आमच्या बाजूनं तो आरसा दिसायचा, आणि तिकडच्या लोकांना मात्र आम्ही स्वच्छ दिसायचो. समोर कॅमेरा आहे हे मी येणाऱ्यांना सांगायचे. काचेमागे माणसं आहेत हे सांगायचं नाही, असा इंद्रनीलचा हुकूम होता. लोक बुजतात म्हणे. या हुकमावरून मी त्याच्याशी दोनदा वाद घातला होता आणि दोन्ही वेळा हरले होते.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर जगदाळेकाकू आल्या. दिघीहून दोन बस बदलून आल्या होत्या. साठीच्या आसपास वय, अंगावर नीट इस्त्री केलेली सुती साडी, हातात कापडी पिशवी. भोसरीतल्या एका फाउंड्रीत त्यांच्या यजमानांनी जन्म काढला होता आणि त्या धुळीनंच त्यांची छाती गेली होती. घरी आमचंच पहिलं यंत्र होतं. फोनवर त्यांनी तसं सांगितलं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

पहिली दोन-तीन कामं त्यांनी व्यवस्थित केली. यंत्र चालू केलं, हवा वाढवली, कमी केली. काचेमागची मंडळी कंटाळलेली असावीत, कानात नुसती कुजबुज होती. मग मी शेवटचं काम सांगितलं. लाइट गेली आणि लगेच परत आली, असं समजा. यंत्र सुरू झालंय, पण अगदी कमी हवेवर. अलार्म वाजतोय. आता हवा पुन्हा पहिल्यासारखी करा.

पलीकडून वेदांगनं अलार्म सुरू केला. वेदांग म्हणजे ते पान ज्यानं काढलं तो डिझायनर. यंत्राची सूत्रं त्याच्या लॅपटॉपवर होती.

अलार्म वाजला तशा काकू खुर्चीतून उठल्याच. मला नवल वाटलं, कारण आतापर्यंत त्या शांतपणे बसून सगळं करत होत्या. त्यांनी स्क्रीनच्या कडांवरून बोटं फिरवली. यंत्र वळवून मागची जाळी बघितली. नळी पिळली गेलीय का म्हणून ती हातावर घेऊन सरळ केली. मग खाली वाकून, एक हात टेबलाला धरून, भिंतीतली पिन घट्ट बसली आहे का ते चाचपलं.

"अरे, काकू गेल्या कुठं?" कानात कोणीतरी म्हणालं. "टेबलाखाली लपल्या."

परत हसणं. त्या हसण्यात वेफर्स अडकून कोणाला तरी ठसका लागला, त्या ठसक्यावर पुन्हा हसणं.

काकू उठल्या. कपाळावर घाम आला होता. त्यांनी एकदा पानाकडे बोट नेलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. त्यानंतर त्यांनी हात जोडले.

मी म्हटलं, "काकू, थांबूया आपण. एवढं पुरे आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

कानात इंद्रनीलचा आवाज आला. थांबवू नको, छान चाललंय, असं तो म्हणाला. मी मान खाली घालून कॉलरला लावलेल्या माइकमध्ये हळूच सांगितलं की आवाज बंद करा, बाईंना त्रास होतोय. काम पुरं होण्याआधी थांबवायचा तर तो आवाज फक्त वेदांगच्या लॅपटॉपवरून बंद होत होता. अलार्म वाजतच राहिला. मग इंद्रनील म्हणाला, "हेमांगी, ते हात जोडण्याचं परत एकदा करायला लाव ना. कॅमेरा बाजूला होता, चेहरा नाही आला."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काहीतरी सांग," तो पुढे म्हणाला. "सांग, यंत्राशी मनातून बोला. वर्षअखेरच्या पार्टीला लावू."

मी इयरफोन काढला. तो गरम आणि किंचित ओलसर होता, माझ्याच कानाचा घाम, पण मला वाटलं त्या सगळ्यांची थुंकी त्यातून माझ्या कानात उतरली आहे. तो मी कुर्त्याला पुसला, मग कुर्त्याचीही किळस आली. काकूंना म्हटलं, आलेच, आणि बाहेर पडले.

पलीकडच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा अंधारात आधी तेलकट वास आला. त्यांनी पॅटिसही मागवले होते. काचेच्या उजेडात सहा-सात चेहरे नुसते कडेकडेनं दिसत होते, सगळे एकाच दिशेला वळलेले. काचेपलीकडे काकू एकट्या, तशाच उभ्या. कोणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही. स्विच दाराशेजारीच होता. त्याच्यावर चिकटपट्टी लावलेली होती, चुकूनही कोणी दिवा लावू नये म्हणून. मी ती नखानं उचकटली आणि दिवा लावला.

काच आता नुसती काच झाली.

मी खूप वर्षं या धंद्यात आहे, पण माणसं इतकी उघडी पडलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. वेदांगच्या मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर कागदी बशी. मार्केटिंगची एक मुलगी तोंडावर हात धरून हसण्याच्या मध्येच थिजली होती. एक जण चक्क खाली वाकून खुर्चीमागं गेला. इंद्रनीलच्या ओठाच्या कोपऱ्यात हिरवी चटणी लागलेली होती. त्याच्या हातात फोन होता आणि फोन काचेकडे धरलेला होता. कंपनीचा कॅमेरा चालू असताना तो स्वतःच्या फोनवर वेगळं चित्रण करत होता.

"दिवा बंद कर," तो ओठ फारसे न हलवता म्हणाला.

मी स्विचपुढे उभी राहिले.

पलीकडे काकूंनी मान वळवली. आरशात एकाएकी माणसं उगवलेली बघून त्या दचकल्या असतील, पण तसं काही दिसलं नाही. त्या काचेजवळ आल्या, डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी आत बघितलं, एकेकाकडे, अगदी सावकाश. मग त्या तिथून दिसेनाशा झाल्या आणि थोड्या वेळानं आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अलार्म चालूच होता, आता तो भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

इंद्रनील उठला. त्याचा चेहरा इतक्यात बदलला होता. तो गोड हसत म्हणाला की काकू, तुम्ही फार छान करत होता, आम्ही सगळे तुमच्याकडून शिकतोय. खुर्ची पुढे करून त्यानं त्यांना बसायला सांगितलं.

काकू बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे इथंच होता?"

"हो, म्हणजे आमची टीम आहे ही."

"त्याचा आवाज कसा बंद करायचा, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

शेवटी वेदांग म्हणाला, "हो."

"मग सांगितलं का नाही कोणी?"

इंद्रनील समजावून सांगू लागला. ही एक शास्त्रीय पद्धत असते, आधी सांगितलं तर मग काय सहज समजतं आणि काय नाही हे कळत नाही, वगैरे. मी रोज लोकांना सांगायचे तीच वाक्यं होती. त्याच्या तोंडून ती ऐकताना मला त्यांचीही शिसारी आली.

काकूंनी त्याला पुरं बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, "मी तिकडं शोधत होते आणि तुम्ही इकडं खात होता. इतकी माणसं. एकानं यायचं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. घरातल्या मुलांना काही सांगावं तशा त्या बोलत होत्या. "आधी ते बंद करा बरं."

वेदांगनं बशी बाजूला ठेवली आणि लॅपटॉपवर बोट मारलं. भिंतीपलीकडचा आवाज थांबला.

मी त्यांची पिशवी आणली आणि त्यांना घेऊन खाली आले. बाहेर रस्त्यावर ऊन तापलेलं होतं आणि रिक्षावाले दिघीचं नाव ऐकून पुढे निघून जात होते. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती झटकून टाकली. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"पोरी, फोनवर मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "त्या मुलीनं विचारलं, तुमच्याकडं मशीन चालू आहे का. मी हो म्हटलं. चालू नाही आता. हे गेले मार्गशीर्षात."

मी रिक्षांना हात करायची थांबले.

त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, रस्त्याकडे बघत. सकाळची वेळ होती. लाइट गेली आणि लगेच आली. मशीन सुरू झालं, पण हवा पुरेना. यजमान उशीला टेकून बसले होते, त्यांची मान ताणली जात होती, आणि मशीन लाल होऊन वाजत होतं. काकूंनी पिन बघितली, नळी बघितली. कंपनीच्या नंबरला फोन लावला तर गाणं वाजत राहिलं. शेजारचे सिलिंडर आणायला धावले. ते येईपर्यंत मशीन वाजतच होतं, आणि त्यानंतरही वाजतच राहिलं. शेवटी कोणीतरी भिंतीतली पिन उपटली.

मी सांगितलेलं शेवटचं काम म्हणजे त्यांची ती सकाळ होती. जशीच्या तशी. मी त्यांना त्या खोलीत नेऊन उभं केलं होतं, आणि पलीकडे लोक पॅटिस खात होते.

"मग आज आलात कशाला, काकू?" मी विचारलं.

"म्हटलं, तिथं गेले तर कळेल तरी, तेव्हा काय दाबायला हवं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग. खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. काही दाबून उपयोग नव्हता, काकू, यंत्रच बिघडलेलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर त्या ते घेऊन घरी गेल्या असत्या. पण थोड्याच वेळापूर्वी, ठाऊक असून कोणी सांगितलं नाही असं त्या म्हणाल्या होत्या. ते त्या सहा-सात जणांना उद्देशून असलं तरी मी त्यांच्यात जाऊन बसायला तयार नव्हते.

"पानावर बोट ठेवायचं," मी म्हटलं. "आणि धरून ठेवायचं. मग लाल जातं आणि हवा पहिल्यासारखी होते."

"किती वेळ धरायचं?"

"थोडाच. दोन श्वास होतील इतका."

त्यांनी उजवा हात वर करून तर्जनीकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मीही त्या बोटाकडेच बघत राहिले.

"मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ठेवलं आणि सोडलं. ते थरथरत होतं गं. वाटलं, आपण दाबलं तर आणखी बिघडेल. आहे तेवढी हवासुद्धा बंद होईल."

मी म्हटलं की यजमानांची तब्येत तशीही फार खालावली असेल, हवा वाढली असती तरी काय झालं असतं ते कोणालाच सांगता येणार नाही. ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली, डॉक्टरही असंच म्हणाले होते.

मग त्या म्हणाल्या, "तसं लिहिलं का नाही त्याच्यावर? मला वाचता येतं. ह्यांना रोज पेपर मीच वाचून दाखवायची."

एक रिक्षा थांबली. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि गेल्या.

मी वर आले तेव्हा काचेमागच्या खोलीत पुन्हा अंधार केलेला होता. इंद्रनील त्याच्या केबिनमध्ये टिशूनं बोटं पुसत बसला होता, एकेक बोट वेगळं. समोर वेदांग होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती सकाळ, लाल स्क्रीन, ठेवून सोडलेलं बोट. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर तरी त्या खोलीत काहीतरी बदलेल. माणसं आहेत, थोडा वेळ तरी गप्प होतील.

वेदांग म्हणाला, "पण अलार्म झाला की पान थरथरतं ना. ते मी मुद्दाम केलंय. थरथरणाऱ्या गोष्टीला माणूस आपोआप धरतो. हे फार आतून येतं."

"त्या घाबरल्या," मी म्हटलं. "थरथरत होतं म्हणूनच त्यांनी सोडलं."

तो विचारात पडला. बाईंच्या नव्हे, पानाच्या. त्याच्या डोळ्यांत मला ते स्पष्ट दिसत होतं. थरथर थोडी मंद केली तर, असं काहीतरी तो मनात जुळवत होता.

इंद्रनीलनं टिशूचा बोळा टोपलीत टाकला. त्यानं एकच प्रश्न विचारला. "हे ती कॅमेऱ्यासमोर बोलली?"

"नाही. खाली. रिक्षाची वाट बघताना."

त्यानं श्वास सोडला. खुर्चीत मागे टेकला. "मग ठीक आहे," तो म्हणाला.

चटणी अजून त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात होती, वाळून काळपट झालेली. मी तिच्याकडे बघत होते. पुढे तो बरंच बोलला. मी दिवा लावून बाहेरच्या बाईसमोर कंपनीची शोभा केली, जगदाळे हे नाव पुन्हा बोलवायच्या लोकांतून काढून टाका, आणि काय काय. मला ऐकू येत होतं, पण पोटातून काहीतरी वर येत होतं आणि तोंड उघडलं तर ते बाहेर पडेल अशी भीती वाटत होती. मी बाहेर आले, बाथरूममध्ये गेले आणि ओकले. दुपारचं सगळं जेवण. तोंड धुऊन टेबलावरची माझी बाटली आणि डबा घेतला आणि तिथून निघाले. पुन्हा त्या इमारतीत मी पाय ठेवला नाही.

माझ्या सोडून जाण्यानं तिथं काहीही झालं नाही. दुसरी आवृत्ती ठरल्याप्रमाणे बाजारात आली, पान तसंच ठेवून. थरथर म्हणे मंद केली होती.

घरी बसल्यावर मला पहिले काही दिवस नुसतं घाणेरडं वाटत राहिलं. फोन कानाला लावला की तो वेफर्सचा आवाज आठवायचा. मग एका सकाळी उठून मी पिंपरीला गेले. तिथं वाघचौरे नावाच्या गृहस्थांचं दुकान होतं. आमच्या कंपनीची आणि इतर कंपन्यांचीही यंत्रं ते भाड्यानं देत आणि दुरुस्त करत. त्यांना मी म्हटलं, तुमच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या यंत्रावर स्क्रीनच्या खाली एक पट्टी चिकटवाल का? छापून मी आणते. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. यंत्र वाजतंय, काय करू, असे फोन त्यांनाही दिवसभर येत असत आणि ते वैतागलेले होते. कंपनीला कळलं तर वॉरंटी नाकारतील, एवढं ते म्हणाले. पुढे कंपनीनं खरोखर तसं कळवलंही. वाघचौरे पट्ट्या चिकटवत राहिले.

पट्टीवर काय लिहायचं ते मी स्वतः ठरवलं होतं. हा माझाच धंदा. छपाईला देण्याआधी मात्र मी दिघीला गेले. गल्लीच्या तोंडाशी जगदाळे कुठं राहतात असं विचारल्यावर एका बाईनं घर दाखवलं. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. पलंग भिंतीला लावलेला होता, त्यावर घडी केलेल्या गोधड्या. यंत्र दिसलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी चहा टाकला. मी का आले ते सांगितलं आणि कच्चा नमुना त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "अलार्म वाजल्यास पानावर बोट ठेवून काही क्षण दाबून धरावे."

"कळतंय?" मी विचारलं.

"कळतंय की." पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. तिकडे चहाला उकळी आली, त्यांनी गॅस बारीक केला आणि पुन्हा कागद हातात घेतला. "पण असं कोण बोलतं? माणूस तिथं तडफडत असतो. सांगायचं तर सरळ सांग. बोट ठेवा. सोडू नका."

मी पेन काढलं आणि लिहून घेतलं. बोट ठेवा. सोडू नका.

त्यांनी ते समोरून उलटंच वाचलं. कपात चहा गाळला, कप माझ्याकडे सरकवला. मग त्यांनी त्या शब्दांच्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं आणखी एक लिही," त्या म्हणाल्या. "बिघडत नाही, असं लिही."